‘आम्ही’ आणि ‘आपण’ : अ‍ॅजाइल संघातील सॉफ्टवेअर-विकसकाच्या बदलत्या भूमिकेचा भाषिक विचार

१. विषयाची मर्यादा

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारा मनुष्य म्हणजे पडद्यासमोर एकांतात बसून, कोणाशी फारसे न बोलता काम करणारा मनुष्य, अशी समजूत आपल्याकडे सुशिक्षित समाजातही दृढ आहे. ह्या समजुतीस एके काळी थोडाफार आधार होता. आज तो राहिलेला नाही. सॉफ्टवेअर-निर्मितीच्या ज्या पद्धती ‘अ‍ॅजाइल’ ह्या नावाने ओळखल्या जातात आणि ज्या पुण्यामुंबईच्या कंपन्यांतून आता नित्याच्या झाल्या आहेत, त्यांनी गेल्या पंचवीस वर्षांत विकसकाचे स्थान मुळापासून बदलले. व्यवस्थापनशास्त्राच्या ग्रंथांत हा बदल बहुधा कार्यक्षमतेच्या दृष्टीने वर्णिलेला असतो. प्रस्तुत लेखात तो भाषाव्यवहाराच्या दृष्टीने पाहावयाचा आहे.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : विकसकाच्या भूमिकेत झालेला बदल हा मूलतः त्याच्या भाषिक कर्तव्यांत झालेला बदल होय. पूर्वी तो दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराचा वाचक होता. आता तो संवादातील एक पक्ष झाला आहे. हे खरे असेल, तर ह्या व्यवसायात कोणास प्रवेश मिळतो, कोण पुढे जातो आणि कोण मागे राहतो ह्या प्रश्नांची उत्तरेही बदलतात. आणि भाषेच्या अभ्यासकांस त्यांकडे पाठ फिरविता येत नाही.

येथे ‘वाशी’ हे नाव जेथे येईल तेथे धाराशिव जिल्ह्यातील, बालाघाटाच्या परिसरातील वाशी अभिप्रेत आहे. जिच्या रेल्वे स्थानकाच्या संकुलातच संगणक-कंपन्यांची कार्यालये आहेत ती नवी मुंबईतील वाशी नव्हे. परंतु ह्या वाशीहून त्या वाशीस, किंवा पुण्याजवळच्या हिंजवडीस, जाणाऱ्या तरुणांमुळेच हा विषय आपल्या विभागाच्या कक्षेत येतो.

२. शब्दाचा अर्थविस्तार

भूमिकेचा इतिहास पुष्कळदा तिच्या नावाच्या इतिहासात साठविलेला असतो. इंग्रजीत ‘कॉम्प्युटर’ हा शब्द आरंभी यंत्राचा वाचक नव्हता. हिशेब करणाऱ्या माणसास तो लावीत. १९४६ साली अमेरिकेत ‘एनिअ‍ॅक’ ह्या यंत्राचे जाहीर प्रदर्शन झाले, तेव्हा त्यावरील गणिते मांडण्याचे काम सहा स्त्रियांकडे होते. त्यानंतर लवकरच, १९४७-४८ मध्ये, गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन ह्यांच्या अहवालांत गणिताची आखणी करणे आणि त्या आखणीचे यंत्राच्या संकेतांत रूपांतर करणे ह्या दोन पायऱ्या वेगळ्या करण्यात आल्या. दुसऱ्या पायरीवरील मनुष्य तो ‘कोडर’; त्याचे काम लेखनिकाच्या कामासारखे मानले गेले. पुढे ‘प्रोग्रॅमर’ ह्या शब्दाने दोन्ही पायऱ्या आपल्या पोटात घेतल्या, आणि त्यानंतर ‘डेव्हलपर’ हा शब्द आला.

मराठीत ‘प्रोग्रॅमर’ जसाच्या तसा रुळला. ‘डेव्हलपर’ला मात्र ‘विकसक’ हा प्रतिशब्द मिळाला आणि त्याबरोबर एक गोंधळही पदरी आला. कारण वृत्तपत्रांच्या भाषेत विकसक अथवा विकासक म्हणजे इमारती बांधून विकणारा. हा गोंधळ वरवरचा आहे. अधिक महत्त्वाचा बदल शब्दाच्या अर्थक्षेत्रात, तोही अगदी अलीकडे, झालेला आहे.

अ‍ॅजाइल पद्धतींपैकी सर्वांत अधिक प्रचारात असलेली पद्धती म्हणजे ‘स्क्रम’. हे नाव रग्बीच्या खेळातून आलेले आहे. १९८६ साली ताकेउची आणि नोनाका ह्या दोघा जपानी अभ्यासकांनी नवी उत्पादने घडविणाऱ्या संघांना ती उपमा दिली. पुढे जेफ सदरलंड आणि केन श्वाबर ह्यांनी तिच्या आधारे सॉफ्टवेअरसाठी एक कार्यपद्धती बसविली आणि १९९५ मध्ये ती परिषदेत मांडली. ह्या पद्धतीची अधिकृत मार्गदर्शिका प्रथम २०१० साली निघाली. तिच्या २०२० च्या आवृत्तीत ‘विकसक’ शब्दाची जी व्याप्ती दिली आहे, ती भाषाभ्यासकाने मुद्दाम पाहण्यासारखी आहे. ठरलेल्या मुदतीत वापरण्याजोगे काही निर्माण करण्यास जो जो बांधला गेला आहे तो तो विकसक, मग तो आज्ञावली लिहीत असो, चाचणी घेत असो किंवा पडद्यावरील मांडणी रेखाटीत असो. अशा संघात साधारणतः दहा किंवा त्याहून कमी माणसे असावीत अशी अपेक्षा आहे.

अर्थात् येथे शब्द कौशल्याचा वाचक न राहता उत्तरदायित्वाचा वाचक झाला. ‘सुतार’ म्हटले की हत्यारांचा बोध होतो. ‘कारभारी’ म्हटले की जबाबदारीचा. विकसक हा शब्द पहिल्या वर्गातून दुसऱ्या वर्गात गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

३. लेखी व्यवहाराचा काळ

हा बदल कोठून झाला हे समजण्यासाठी पूर्वीच्या व्यवस्थेकडे पाहिले पाहिजे. १९७० साली विन्स्टन रॉइस ह्यांनी मोठ्या प्रणालींच्या बांधणीवर एक निबंध लिहिला. त्यात गरजांची निश्चिती, विश्लेषण, आराखडा, संकेतलेखन, चाचणी आणि वापर अशा पायऱ्या एकीखाली एक दाखविणारी आकृती होती. केवळ ह्याच क्रमाने, मागे न वळता गेल्यास धोका आहे, असे रॉइस ह्यांनी तेथेच बजावले होते. परंतु लोकांनी आकृती घेतली आणि इशारा सोडला. पुढे ह्या पद्धतीस ‘वॉटरफॉल’, म्हणजे धबधबा, हे नाव पडले.

महाराष्ट्रातील सॉफ्टवेअर व्यवसायाची वाढ ह्याच काळात झाली. १९६८ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना झाली. १९७३ मध्ये अंधेरीस निर्यातीसाठी ‘सीप्झ’ हे क्षेत्र उभे राहिले. १९८१ साली पुण्यात टाटा संशोधन केंद्र निघाले आणि त्याच वर्षी त्याच शहरात इन्फोसिसचा आरंभ झाला. १९९० मध्ये पर्सिस्टंट ही कंपनी पुण्यात सुरू झाली. १९९१ पासून केंद्र सरकारच्या सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्यानांच्या योजनेने निर्यातीस वेग दिला.

ह्या व्यवसायाचे ग्राहक बहुतांशी समुद्रापलीकडचे होते. ग्राहक न्यूयॉर्क किंवा लंडन येथे, विश्लेषक काही काळ त्याच्याजवळ, आणि संकेत लिहिणारे मुंबई-पुण्यात. अशा स्थितीत दोन टोकांना जोडणारा दुवा म्हणजे लेखी दस्तऐवज. त्यात जे आहे ते करावयाचे, जे नाही ते करावयाचे नाही, आणि वाद उद्‌भवल्यास त्याच्याकडे बोट दाखवावयाचे. ह्या व्यवस्थेला बौद्धिक आधारही होता. फ्रेड ब्रुक्स ह्यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की, संघातील प्रत्येकास प्रत्येकाशी बोलावे लागले, तर पाच माणसांत दहा आणि दहा माणसांत पंचेचाळीस संवादमार्ग निर्माण होतात. पन्नास माणसांत ही संख्या १२२५ होते. मोठ्या संघात लेखी दस्तऐवज हा ह्या गजबजाटावर घातलेला बांध होता.

ही श्रमविभागणी पाहून मराठी वाचकास गावगाड्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ ह्या ग्रंथात बलुतेदारीचे जे वर्णन आहे, त्यात प्रत्येकाचे काम नेमलेले आणि दुसऱ्याच्या कामात हात न घालणे हा शिष्टाचार. विश्लेषक, आराखडाकार, प्रोग्रॅमर आणि टेस्टर ह्यांची विभागणी तशीच होती. जन्माने ठरणारी आणि विषमतेवर उभी असलेली व्यवस्था आणि नोकरीतील हुद्दे ह्यांत मूलभूत भेद आहे, हे सांगावयास नको. तुलना केवळ कामाच्या सीमारेषांपुरती. तथापि एक साम्य भाषेत स्पष्ट दिसे. प्रोग्रॅमर टेस्टरविषयी बोलताना ‘ते लोक’ म्हणे आणि स्वतःच्या गटाविषयी ‘आम्ही’ म्हणे. ह्या सर्वनामांकडे आपण पुढे परत येणार आहोत.

४. संभाषणाकडे वळण

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात स्नोबर्ड येथे सतरा व्यावसायिक एकत्र जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा काढला. त्यातील चार तत्त्वांचा आशय असा : प्रक्रिया आणि साधने ह्यांपेक्षा माणसे व त्यांचा परस्परव्यवहार, सविस्तर दस्तऐवजापेक्षा चालते सॉफ्टवेअर, करारातील घासाघिशीपेक्षा ग्राहकाचे सहकार्य, आणि आखलेल्या योजनेपेक्षा बदलास दिलेला प्रतिसाद अधिक मोलाचा. सोबतच्या बारा सूत्रांपैकी एकात असेही म्हटले आहे की, संघात माहिती पोचविण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग म्हणजे समोरासमोरचे संभाषण.

ह्या चारही तत्त्वांकडे भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर त्यांत एकच सूत्र दिसते : लेखनाचे प्रामाण्य कमी करून संभाषणाचे प्रामाण्य वाढविणे. गरजांचा शेकडो पानांचा दस्तऐवज गेला. त्याच्या जागी ‘स्टोरी’ आली. स्टोरी म्हणजे एका कार्डावर मावेल असे एखादे वाक्य : अमुक एक मनुष्य म्हणून मला अमुक करता यावे, म्हणजे माझे अमुक साधेल. रॉन जेफ्रीज ह्यांनी २००१ मध्येच स्टोरीची तीन अंगे सांगितली : कार्ड, संभाषण आणि खातरजमा. कार्डावरील वाक्य हे संपूर्ण विधान नव्हे. पुढे जे बोलावयाचे आहे त्याची ती खूणगाठ आहे. रोज सकाळी पंधरा मिनिटांची उभ्याने होणारी बैठक, प्रत्येक मुदतीच्या अखेरीस ग्राहकासमोर कामाचे प्रात्यक्षिक, त्यानंतर झाल्यागेल्याचा संघाने मिळून घेतलेला आढावा, हे सर्व बोलण्याचे प्रसंग आहेत.

येथेही गावाच्या जीवनात एक जवळचे प्रतिरूप सापडते. ज्याचे काम मागे पडले त्याच्या शेतात शेजाऱ्यांनी आपापले बैल आणि औते घेऊन यावे, एका दिवसात काम उरकावे आणि घरधन्याने सर्वांस जेवू घालावे, ह्यास इर्जिक म्हणतात. तेथे कोणाचे बैल आणि कोणाचे औत ह्यापेक्षा रान संध्याकाळपर्यंत हातावेगळे होणे महत्त्वाचे असते. बलुत्याकडून इर्जिकेकडे, अशी ह्या स्थित्यंतराची खूण सांगता येईल. मात्र इर्जिक प्रसंगापुरती असते आणि ती शेजारधर्मावर चालते. अ‍ॅजाइल संघ रोजचा असतो आणि पगारावर चालतो. ही मर्यादा लक्षात ठेवूनच उपमा वापरावी.

५. एका शब्दाचे उदाहरण

संभाषणाची गरज का भासते, हे आपल्या परिसरातील एका उदाहरणाने पाहू. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचे उपयोजन राज्यभर वापरात आणले. गाव नमुना बारामधील पिकांची जी नोंद पूर्वी तलाठी करीत असे, ती शेतकऱ्याने आपल्या भ्रमणध्वनीवरून, शेतात उभे राहून, पिकाच्या छायाचित्रासह करावी, अशी ती योजना. हे उपयोजन येथे बांधणीच्या पद्धतीचा नमुना म्हणून घेतलेले नाही. अशा कामात विकसकासमोर कोणते भाषिक प्रश्न उभे राहतात, ह्याचा नमुना म्हणून घेतले आहे.

समजा, कार्डावर असे वाक्य आहे : ‘शेतकरी म्हणून मला माझ्या जमिनीतील पिकाची नोंद करता यावी.’ वाक्य निर्दोष आणि सुबोध दिसते. परंतु वाशी तालुक्यातील कोणत्याही गावात जाऊन ते वाचून दाखविले, तर त्यातील प्रत्येक नाम संदिग्ध ठरेल. ‘शेतकरी’ म्हणजे सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे तो खातेदार, की प्रत्यक्ष जमीन कसणारा? जमीन बटईने दिली असेल, तर हे दोघे वेगळे. ‘माझी जमीन’ म्हणजे नावावरची, की वहिवाटीतली? सातबारा आजोबांच्या नावे असतो आणि बांध घालून तीन नातू वेगवेगळे पेरतात. ‘पीक’ म्हणजे एक, की दोन? सोयाबीनमध्ये तूर टाकली आहे, असे शेतकरी सहज म्हणतो. पण त्या ‘मध्ये’चा हिशेब क्षेत्राच्या रकान्यात कसा बसवावयाचा? कृषिशास्त्र मिश्रपीक आणि आंतरपीक ह्यांत भेद करते. बोलीत तो भेद ह्याच शब्दांनी केला जाईल असे नाही.

पूर्वीच्या पद्धतीत ह्या प्रश्नांची उत्तरे विश्लेषकाने आधीच लिहून ठेवावीत अशी अपेक्षा असे. ज्या संदिग्धता त्याच्या ध्यानात आल्या नाहीत, त्या वापराच्या दिवशी, शेताच्या बांधावर प्रकट होत. नव्या पद्धतीत विकसकाने स्वतः प्रश्न विचारावयाचा, थोडे बांधावयाचे, वापरणाऱ्यापुढे ठेवावयाचे आणि पुन्हा विचारावयाचे. ई-पीक पाहणीच्या २०२२ च्या सुधारित आवृत्तीत शेतकऱ्यास आपली नोंद अठ्ठेचाळीस तासांच्या आत स्वतः दुरुस्त करण्याची सोय देण्यात आली. वापर करणाऱ्याचे बोलणे ऐकल्यावाचून अशा सोयीची गरज कागदावर सुचणे कठीण. चुकलेल्या एका रकान्यावर पीकविमा किंवा नुकसानभरपाई अडून राहू शकते, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘शेतकरी’ ह्या शब्दाचा अर्थ निश्चित करणे हा केवळ पांडित्याचा प्रश्न उरत नाही.

६. विकसक : दुभाषी

ह्या कार्यास संशोधनानेही नाव दिले आहे. रशिना होडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंड आणि भारत ह्या दोन देशांतील तेवीस संस्थांमधील अठ्ठावन्न व्यावसायिकांचा अभ्यास करून २०१३ मध्ये असे दाखविले की, स्वयंशासित अ‍ॅजाइल संघांत हुद्द्यांच्या पलीकडील सहा अनौपचारिक भूमिका उत्पन्न होतात. त्यांपैकी एक भूमिका दुभाष्याची आहे. ग्राहकाची व्यवहारभाषा आणि संघाची तांत्रिक भाषा ह्यांमध्ये जो ये-जा करतो तो दुभाषी. ही भूमिका कोणाच्या नेमणूकपत्रात लिहिलेली नसते. ज्यास जमते तो ती उचलतो.

भाषांतराच्या अभ्यासकांस ठाऊक आहे की, दुभाष्याचे काम शब्दास शब्द देण्याचे नसून एका व्यवहारजगातील भेद दुसऱ्या व्यवहारजगात टिकवून धरण्याचे आहे. विकसक हेच करतो. त्याची लक्ष्यभाषा इतकी काटेकोर असते की ‘मध्ये’, ‘साधारण’, ‘शक्यतो’ ह्या शब्दांना तेथे जागा नाही. म्हणून मूळ भाषेतील प्रत्येक सैल शब्द त्याला थांबून विचारावा लागतो. चांगला विकसक आणि सामान्य विकसक ह्यांतील अंतर पुष्कळदा ह्या थांबून विचारण्यात असते.

डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर ह्यांनी १९८५ साली ह्याहून पुढचा विचार मांडला होता. त्यांच्या मते आज्ञावली लिहिणे म्हणजे मजकूर निर्माण करणे नव्हे; प्रश्न आणि त्याचे उत्तर ह्यांविषयी एक उपपत्ती मनात उभी करणे होय. ती उपपत्ती दस्तऐवजात पूर्णपणे उतरत नाही. ज्यांनी ती घडविली ते लोक पांगले की मजकूर उरतो, पण त्यात बदल कसा करावा हे सांगणारे कोणी उरत नाही. गुरुमुखातून विद्या घेण्याची परंपरा ज्या देशात आहे, तेथे हा विचार परका वाटू नये. बंदिशी लिपिबद्ध झाल्या तरी घराण्याची गायकी समोर बसूनच शिकावी लागते, तसेच हे आहे.

७. ‘करतो’, ‘बघतो’ आणि ‘होईल’

आता प्रत्यक्ष बोलण्याकडे वळू. रोजच्या बैठकीचे परंपरागत स्वरूप तीन प्रश्नांचे होते : काल काय केले, आज काय करणार, अडचण कोणती. २०२० च्या मार्गदर्शिकेतून हे प्रश्न वगळले गेले, परंतु व्यवहारात ते पुष्कळ ठिकाणी चालू आहेत. ऑस्टिन ह्यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनंतर आपण भाषेस केवळ वर्णनाचे साधन मानीत नाही. बोलणे ही कृती आहे. त्या दृष्टीने पहिला प्रश्न निवेदनाचा, दुसरा वचनाचा आणि तिसरा साहाय्याच्या याचनेचा आहे. तीन्ही कृतींत बोलणाऱ्याने स्वतःस पुढे करावे लागते.

मराठीत ह्यासाठी जे पर्याय आहेत त्यांची छटा पाहण्यासारखी आहे. ‘उद्यापर्यंत करतो’ ह्यात कर्ता उघड आहे आणि वर्तमानकाळाच्या रूपाने निश्चय सूचित होतो. ‘बघतो’ ह्यात कर्ता आहे, पण वचन नाही. मराठी माणूस ‘बघतो’ ऐकून काम झाले असे कधीच समजत नाही. ‘बघू’ ह्यात तर कर्ताही अनेकांत विरघळून गेला. ‘होईल’ किंवा ‘होऊन जाईल’ ह्यात काम स्वतःच्या पायांनी चालत येणार असते. भूतकाळातही असेच. ‘मी चाचणी घेतली नाही’, ‘माझ्याकडून चाचणी राहिली’ आणि ‘चाचणी राहून गेली’ ही तीन वाक्ये एकाच वस्तुस्थितीची आहेत, परंतु उत्तरदायित्वाच्या उतरत्या भाजणीची आहेत.

हा मराठी भाषेचा दोष नव्हे. उलट ही तिची सूक्ष्मता आहे. ज्या व्यवस्थेत वरिष्ठास नकार देणे अवघड असते, तेथे भाषा अशा आडोशांची सोय करून ठेवते. लेखी दस्तऐवजाच्या काळी विकसकास ह्या आडोशांची गरज कमी पडे, कारण वचन त्याच्या वतीने कराराने दिलेले असे. आता ते त्याने स्वमुखाने, सर्वांसमक्ष, रोज द्यावयाचे आहे. म्हणून ‘होईल’पासून ‘करतो’पर्यंतचे अंतर तोडणे, आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे ‘हे माझ्याने उद्यापर्यंत होणार नाही’ असे वेळेवर म्हणता येणे, हा नव्या भूमिकेचा गाभा ठरतो.

सर्वनामांचा प्रश्न ह्याच्याशी निगडित आहे. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ ह्यात ऐकणारा वगळलेला असतो; ‘आपण’ ह्यात तो सामावलेला असतो. इंग्रजीच्या एकाच सर्वनामात हा भेद झाकला जातो. ‘आम्ही काम पूर्ण केले, आता तुमची चाचणी’ हे जुन्या विभागणीचे वाक्य. ‘आपली चाचणी अजून व्हायची आहे, म्हणजे आपले काम पूर्ण झालेले नाही’ हे नव्या भूमिकेचे. संघ खरोखर एकजीव झाला आहे की नाही, हे तपासावयाचे असेल, तर मराठी बोलणाऱ्या सदस्यांच्या तोंडी अडचणीच्या वेळी कोणते सर्वनाम येते ते ऐकावे. यशाच्या वेळी सर्वच ‘आपण’ म्हणतात. कसोटी दोष निघाल्याच्या दिवशी लागते.

८. आक्षेप आणि मर्यादा

येथवरच्या विवेचनावरून नवी पद्धती सर्वस्वी हितकर आहे असे ध्वनित झाले असेल, तर ते योग्य नव्हे. पहिला आक्षेप अंतराचा. समोरासमोरचे संभाषण हा ह्या पद्धतीचा आधार; आणि आपला व्यवसाय तर सातासमुद्रापलीकडच्या ग्राहकांवर उभा. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक, मार्टिन फाउलर, ह्यांनी आपल्या कंपनीच्या बंगळूर येथील अनुभवावर लिहिताना मान्य केले आहे की, संघ दूर असला म्हणजे लेखनाची गरज पुन्हा वाढते आणि दोन्हीकडची माणसे दूतासारखी आलटून पालटून पाठवावी लागतात. २०२० नंतर घरून काम करण्याची प्रथा वाढली आणि हा प्रश्न एकाच शहरातील संघांपुढेही आला. लेखन संपलेले नाही; त्याचे स्वरूप बदलले आहे. एक जाड ग्रंथ जाऊन तुटक, त्वरित, संभाषणवजा संदेश आले, आणि ते मोजक्या शब्दांत निःसंदिग्ध लिहिणे हे वेगळेच कौशल्य आहे.

दुसरा आक्षेप अधिकाराचा. नाव बदलले म्हणून नाते बदलत नाही. ‘मॅनेजर’च्या जागी ‘स्क्रम मास्टर’ आला आणि रोजची बैठक ही परस्परांची आखणी न राहता हजेरी झाली, असे घडू शकते. सर्वांनी एकमेकांस पहिल्या नावाने हाक मारावी असा प्रघात असला, तरी मराठीत बोलताना ‘अहो’ आणि ‘अरे’ ह्यांची विभागणी लगेच उफाळून येते. आणि ज्यास ‘अहो’ म्हणावयाचे, त्याचा अंदाज चुकीचा आहे असे पंधरा मिनिटांच्या बैठकीत सांगणे नवख्यास जड जाते. ‘आपण’ हे सर्वनाम आज्ञेवर पांघरूण घालण्यासही उपयोगी पडते. ‘आपण हे आज संपवू या’ ह्या वाक्यात रात्री जागणारा एकच असतो.

९. विद्यार्थ्याचा प्रश्न

ह्या सर्वांचा आपल्या विद्यार्थ्याशी काय संबंध? मराठवाड्यातील मराठी माध्यमातून शिकलेला, घरात प्रथमच पदवीपर्यंत पोचलेला विद्यार्थी जुन्या व्यवस्थेत एका अर्थाने सुरक्षित होता. इंग्रजी मजकूर शब्दकोश घेऊन, दोनदा वाचून समजून घेण्याचा त्याला सराव होता. वाचनात वेळ घेता येतो. अडखळणे कोणास दिसत नाही. नव्या भूमिकेने हा आसरा काढून घेतला. आता त्याने ग्राहकाचे इंग्रजी एका वेळच्या ऐकण्यात समजावयाचे, न समजल्यास सर्वांदेखत विचारावयाचे आणि आपला अंदाज समर्थनासह मांडावयाचा. त्याच्या आज्ञावलीत दोष नसतानाही त्याचे मौन हा दोष गणला जातो.

ह्यावर ‘इंग्रजी संभाषणाचे वर्ग काढा’ हे उत्तर सर्वत्र दिले जाते. ते आवश्यक आहे, पण अपुरे आहे. वरील विवेचनावरून दिसेल की नव्या भूमिकेस लागणाऱ्या कृती, म्हणजे संदिग्ध शब्द हेरणे, प्रश्न विचारणे, वचन देणे, नकार देणे आणि दोष स्वतःकडे घेणे, ह्या कोणत्याही एका भाषेच्या नाहीत. आपल्या वर्गांत त्यांचा सराव मराठीतही होत नाही. विद्यार्थी लिहितो, शिक्षक बोलतो, आणि शंका विचारणे हा धीटपणा मानला जातो. जो मातृभाषेत ‘थांबा, हे मला कळले नाही’ असे म्हणावयास शिकला नाही, तो परभाषेत ते म्हणेल अशी अपेक्षा कशी करावी?

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ पासून प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास मुभा दिली आहे. त्याविषयीची आपली चर्चा पाठ्यपुस्तके आणि परिभाषा ह्यांभोवती फिरते. परिभाषा हवीच; पण विकसकाचे काम परिभाषेपेक्षा संभाषणात अधिक घडत असेल, तर मराठीतून शिकविण्याचा खरा लाभ वर्गात मोकळे बोलणे शक्य होण्यात आहे, हे विसरता कामा नये.

दुसऱ्या बाजूने, ह्या विद्यार्थ्याजवळ एक भांडवल असते ज्याची त्यास कल्पना नसते. बटई, वहिवाट, सामाईक खाते हे शब्द त्याला कोशातून शिकावे लागत नाहीत. घरी एक बोली, शाळेत प्रमाण मराठी आणि कार्यालयात इंग्रजी अशी त्याची ये-जा नित्याची आहे. म्हणजे दुभाष्याचे काम तो लहानपणापासून करीत आला आहे. ग्रामीण वापरासाठी जी उपयोजने बांधली जातात, त्यांत हे ज्ञान मोलाचे आहे. अलीकडे, विशेषतः २०२२ नंतर, आज्ञावलीचा मजकूर यंत्राकडूनच लिहवून घेणारी साधने सर्वत्र आली. संकेतलेखनाचा जितका भाग यंत्र उचलेल, तितका काय लिहावयाचे हे माणसांशी बोलून ठरविण्याचा भाग विकसकाच्या वाट्यास अधिक येईल. पूर्वीचा ‘कोडर’ यंत्रात विलीन होत असताना दुभाषी उरणार, अशी चिन्हे आहेत.

१०. समारोप

सारांश, विकसक ह्या शब्दाचा अर्थ कौशल्याकडून उत्तरदायित्वाकडे सरकला. त्याचा व्यवहार वाचनाकडून संभाषणाकडे गेला. आणि त्याबरोबर व्याकरणातील कर्ता, काळ आणि सर्वनाम ह्यांच्या निवडीस व्यावसायिक महत्त्व प्राप्त झाले. ह्या क्षेत्रात मराठी भाषाभ्यासकांस करण्याजोगे काम पुष्कळ आहे. मराठी-इंग्रजी मिश्र बोलणाऱ्या संघांच्या बैठकांतील सर्वनामांची व वचनपर वाक्यांची नोंद, शासकीय उपयोजनांतील शब्द आणि गावातील शब्द ह्यांची तुलना, आणि आपल्याच वर्गांतील प्रश्न विचारण्याच्या रीतींचे निरीक्षण, हे तीन विषय पदव्युत्तर प्रबंधिकांस योग्य आहेत. त्यांपैकी तिसऱ्यासाठी पुण्यास जाण्याचीही आवश्यकता नाही. तो येथेच, आपल्या पुढच्या तासास सुरू करता येईल.